अनारसा आणि राज्यकारभार

१९८८ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्या वार्षिक भाषणात लाओत्सेच्या मासळीचा दाखला दिला. २०१३ साली चीनचे शी जिनपिंग यांनीही तोच दिला. एकाला सरकारचा पसारा आवरायचा होता. दुसरा सर्वव्यापी पक्षाचा प्रमुख. एकच दृष्टान्त दोघांच्याही तोंडी शोभावा, म्हणजे तो फार खोल तरी असला पाहिजे, नाहीतर हवा तसा वाकणारा तरी. आमच्या मते तो दोन्ही आहे.

‘ताओ ते चिंग’ हे जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांचे पुस्तक. मोठे राज्य चालवणे आणि बारीक मासळी शिजवणे ही दोन कामे त्याने एकाच पंक्तीला बसवली. सारखे उलथणे घातले की मासळीचा चुरा होतो. मासळी न खाणाऱ्या वाचकांनी अनारसा आठवावा. तुपात सोडल्यावर तो उलटायचा नाही. झाऱ्याने वरून हलकेच तूप उडवायचे, बस्स. पण त्या निवांत कढईमागे तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेले तांदूळ असतात. पीठ बिघडले असेल तर हात कितीही आवरा, अनारसा हसायचा तो हसतोच. ‘निष्क्रिय’ राज्यकर्त्याचे गोडवे गाणारे नेमके हे पीठ विसरतात.

इ. स. पू. १९३ मध्ये त्साओ शन हा हान राज्याचा प्रधान झाला. त्याने एकही नियम बदलला नाही. दिवसभर मद्य पीत बसे. तरुण सम्राटाने जाब विचारला, तेव्हा त्याने उलट विचारले, आपण वडिलांहून थोर आहात काय? मी आधीच्या प्रधानाहून हुशार आहे काय? सम्राटाला दोन्ही वेळा ‘नाही’च म्हणावे लागले. मग घालून दिलेली घडी का मोडा? गोष्ट मोठी गोड. पण ती घडी बसवणाऱ्या शिआओ हचे कायदे आधी तयार होते, हेही तीच गोष्ट सांगते.

हाँगकाँगचे अर्थसचिव जॉन कौपरथ्वेट (१९६१–७१) यांनी लाओत्सेचे नाव न घेता हाच वसा घेतला. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडेसुद्धा ते गोळा करू देईनात. आकडे आले की ढवळाढवळ आलीच! तथापि त्याच शहरात १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईची झोपडवस्ती जळाली, ५०,००० हून अधिक माणसे उघड्यावर पडली, आणि त्यांच्यासाठी बहुमजली घरे सरकारनेच उभारली. कौपरथ्वेटांच्या काळातही हे काम थांबले नाही.

एका ठिकाणी मात्र लाओत्सेशी आमचे मुळीच जमत नाही. प्रजेचे पोट भरावे, पण तिला फार जाणते होऊ देऊ नये, असे त्याला वाटते. त्याच्या आदर्श गावातले लोक लिपी सोडून दोरीच्या गाठींकडे परततात. आता हान सम्राट वन पाहा. कमी कर आणि संथ कारभार यांसाठी ताओवादी त्याची वाखाणणी करतात. त्याने इ. स. पू. १६७ मध्ये अवयव तोडण्याच्या शिक्षा बंद केल्या. पण त्या आपणहून नव्हेत. तीयिंग नावाच्या मुलीने, वैद्य बापाची शिक्षा टळावी म्हणून, त्याच्याकडे लेखी अर्ज केला होता. बदल्यात सरकारी दासी होण्याची तिची तयारी होती.