अल्प भांडवल, चार वादक आणि एक खोली

इंग्लंडच्या उत्तरेकडील मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरात २८ डिसेंबर १९७६ रोजी बझकॉक्स नावाच्या चौघा तरुणांच्या बँडने आप्तेष्टांकडून कर्जाऊ घेतलेल्या सुमारे पाचशे पौंडांच्या भांडवलावर चार गीते मुद्रित केली, आणि जानेवारी १९७७ च्या अखेरीस ‘स्पायरल स्क्रॅच’ या नावाने त्यांची तबकडी स्वतःच काढून स्वतःच विकावयास प्रारंभ केला. त्या घटनेपासून अल्पव्ययी ध्वनिमुद्रणाच्या अर्वाचीन परंपरेचा आरंभ मानावा, असे मला वाटते. तत्पूर्वी लहान तबकड्या कोणी काढीतच नसत असे नव्हे. परंतु सामान्यतः ध्वनिमुद्रण हा मोठ्या कंपन्यांचा मक्ता होता, कंपनीने उचल द्यावी, स्टुडिओ व तंत्रज्ञ तिनेच नेमावेत आणि सगळा खर्च कलावंताच्या मेहनतान्यातून सावकाश वसूल करावा, असा रिवाज होता. त्या रिवाजाला या चौघांनी वळसा घातला. पहिल्या हजार प्रती हातोहात संपल्या आणि कालांतराने विक्री सोळा हजारांच्या घरात गेली. अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, तबकडीच्या वेष्टनावर प्रत्येक गीत कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले व त्यावर मागाहून काही वाद्य चढविले की नाही, याची नोंद छापलेली होती. ध्वनिमुद्रण म्हणजे कारागिरांनी बंद दाराआड करावयाची किमया नव्हे, ते एका दिवसाचे, मोजता येण्याजोगे काम आहे, हे त्या नोंदीने श्रोत्यास प्रथमच इतक्या उघडपणे सांगितले.

त्याच वर्षी लंडनच्या डेस्परेट बायसिकल्स या बँडने आपल्या पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर तीच दोन गीते छापली, कारण दुसऱ्या बाजूसाठी वेगळा साचा करावयाचा तर खर्च वाढला असता. पाचशे प्रतींचा एकूण खर्च १५३ पौंड आला आणि तो आकडा त्यांनी पुढल्या तबकडीच्या वेष्टनावर जाहीर केला. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने एक पाऊल पुढे टाकून मुद्रण, साचा, छपाई व वेष्टन या प्रत्येक बाबीचा खर्च तपशीलवार मांडला. ज्याला आपल्याकडे जमाखर्चाची वही म्हणतात ती येथे कलाकृतीच्या अंगावरच आली, आणि ती वाचून गावोगावच्या तरुणांना हे आपल्यालाही परवडण्यासारखे आहे असा साक्षात्कार झाला. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये उघडलेल्या ‘रफ ट्रेड’ या दुकानाने अशा तबकड्यांच्या वितरणाची तजवीज केली आणि पुढे स्वतः तबकड्या काढू लागल्यावर खर्च वजा जाता उरलेला नफा बँडशी निम्मानिम्मा वाटून घेण्याची पद्धत रूढ केली. त्या काळच्या करारनाम्यांशी तुलना करता ती विलक्षण औदार्याची होती.

या चळवळीचे गुणगान करणाऱ्यांची आज वाण नाही, परंतु त्यांपैकी बहुतेकांचा भर स्वस्ताईवरच असतो, आणि तेथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. स्वस्तात काढलेल्या शेकडो तबकड्यांपैकी पुष्कळशा तेव्हाही नीरस होत्या आणि आजही नीरसच आहेत. कमी पैसा हा काही कलागुण नव्हे. ज्या थोड्या तबकड्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही ताज्या वाटतात त्यांच्यात मात्र एक समान धर्म आढळतो. तो असा की, खर्चाच्या मर्यादेमुळे वादकांना वाजविण्यापूर्वीच सर्व निर्णय एकत्र बसून करावे लागले. स्टुडिओचे भाडे तासावर, फीत महाग, प्रयत्न दोन किंवा तीन. तेव्हा कोठे थांबावयाचे, कोणी आवाज कमी करावयाचा, कोणते कडवे गाळावयाचे, हे सारे तालमीच्या खोलीत वादावादी होऊन ठरलेले असे. मराठी श्रोत्यास हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. अब्दुल करीम खाँ किंवा हिराबाई बडोदेकर यांनी ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी गायिले तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांची मुदत अनुल्लंघनीय होती आणि मुद्रित झालेला एकही स्वर मागाहून दुरुस्त करता येत नसे. त्या मुदतीत राग उभा करावयाचा तर काय सोडावयाचे याचा विचार गायकाने आधीच केलेला असावा लागे, आणि त्या सोडण्यातच त्या गायनाचे बरेचसे सौंदर्य साठले आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन पेड्रो या बंदराच्या गावातील मिनटमेन या तिघांच्या बँडने ही शिस्त जितक्या निष्ठेने पाळली तितकी क्वचितच कोणी पाळली असेल. मध्यरात्रीनंतर स्टुडिओचे भाडे उतरते म्हणून ते रात्री मुद्रण करीत, फीत जुनी वापरलेली घेत, आणि तबकडीवर गीते ज्या क्रमाने यावयाची त्याच क्रमाने वाजवीत, म्हणजे मागाहून फीत कापून जोडण्याचा खर्चही वाचावा. डी. बून आणि माइक वॉट हे बालमित्र, जॉर्ज हर्ली ड्रमर. तिघांनाही पोटासाठी दुसरी कामे होती. त्यांच्या १९८४ च्या ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ या जोडतबकडीत चाळीसहून अधिक लहान लहान गीते आहेत, आणि त्या सबंध पसाऱ्यात एखादे वाद्य उगाच वाजले आहे असे सहसा वाटत नाही. १९८५ च्या डिसेंबरात बून अपघातात गेला आणि तो बँड तेथेच संपला. अशा बँडमध्ये एक माणूस गेल्यावर दुसरा आणून बसविता येत नाही, हे वॉट व हर्ली यांनी तत्क्षणी ओळखले.

या परंपरेत यंत्राने घडवून आणलेले सर्वांत मोठे स्थित्यंतर म्हणजे १९७९ मध्ये जपानच्या टियॅक कंपनीने काढलेले टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४. नेहमीच्या कॅसेटवर दोन बाजूंचे मिळून चार मार्ग असतात. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने, दुप्पट वेगाने वापरले आणि त्यामुळे सामान्य माणसाला घरच्या मेजावर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करता येऊ लागले. चार ट्रॅक अपुरे पडले की तीन ट्रॅकवरचे वादन एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर नवी वाद्ये घ्यावयाची, अशी युक्ती असे. परंतु प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे आणि एकत्र झालेली वाद्ये पुन्हा विलग करता येत नसत. ड्रम, बास व गिटार यांचे परस्परांतील प्रमाण त्या क्षणी ठरले ते ठरले. या अटळतेचा मला मोठा आदर वाटतो. तिने घरगुती मुद्रणालाही एक प्रकारची जबाबदारी दिली.

न्यूझीलंडमध्ये या काळी जे घडले त्याची कीर्ती आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. क्राइस्टचर्च येथे रॉजर शेपर्ड यांनी १९८१ मध्ये ‘फ्लाइंग नन’ ही लहानशी कंपनी काढली. त्यांनी प्रसिद्ध केलेले ड्युनीडिन गावच्या द क्लीन या बँडचे ‘टॅली हो’ हे गीत अवघ्या पन्नास डॉलरांत मुद्रित झाले आणि ते त्या देशाच्या विक्रीच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यानंतरच्या तबकड्यांपैकी कित्येक ख्रिस नॉक्स या वादकाच्या मालकीच्या चार ट्रॅकच्या टियॅक यंत्रावर झाल्या. हे यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी हिंडे, वादक जेथे असतील तेथे ते नेले जाई. १९८२ मध्ये चार बँडांची मिळून एक जोडतबकडी निघाली, तीत प्रत्येक बँडच्या वाट्याला एक बाजू आली. महानगरांपासून हजारो मैल दूर असलेल्या एका विद्यापीठाच्या गावाला स्वतःचा ध्वनी मिळाला तो अशा रीतीने, आणि या साऱ्या इतिहासात माझ्या मते तेच सर्वाधिक निर्मळ उदाहरण आहे.

त्याच यंत्राच्या कुळातून दुसरे एक घराणे निघाले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील भाड्याच्या घरातील शयनगृहात पोर्टास्टुडिओ व दोन शुअर एसएम ५७ मायक्रोफोन घेऊन एकट्यानेच काही गीतांचे कच्चे मुद्रण केले. हेतू एवढाच की, बँडने पुढे ती स्टुडिओत वाजवावीत. बँडने ती वाजविलीही. परंतु त्या कच्च्या कॅसेटमधील एकाकीपण काही केल्या तेथे उतरेना, आणि अखेर खिशात वागवलेली ती कॅसेटच तबकडीवर उतरविण्याची खटपट करून सप्टेंबर १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली. ही तबकडी श्रेष्ठ आहे यात मला संदेह नाही. मात्र तिच्या यशामुळे अल्पव्ययी ध्वनिमुद्रणाची दोन घराणी पडली हे ध्यानात घेतले पाहिजे: एक बझकॉक्स, मिनटमेन व द क्लीन यांचे, जेथे सगळी माणसे एका खोलीत एकाच वेळी वाजवितात, दुसरे ‘नेब्रास्का’चे, जेथे एकटा माणूस स्वतःवरच थर चढवीत जातो. समीक्षक या दोहोंना एकाच मथळ्याखाली घालतात, त्यामुळे आजच्या परिस्थितीचे निदान चुकते.

पहिल्या घराण्याचे व्यावहारिक शहाणपण १९८९ पर्यंत अबाधित होते. निर्वाणा या बँडची ‘ब्लीच’ ही पहिली मोठी तबकडी सिॲटलमध्ये जॅक एंडिनो यांनी सुमारे तीस तासांत मुद्रित केली आणि खर्च ६०६ डॉलर १७ सेंट आला; वेष्टनावर तो सहाशे डॉलर असा नमूद आहे. पुढे मोठ्या कंपन्या अशा बँडांच्या दारी उचलीच्या थैल्या घेऊन आल्या, तेव्हा शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एका काल्पनिक बँडचा ताळेबंद मांडला: अडीच लाख डॉलरांची उचल मिळूनही सर्व खर्च, हक्कवजावट व दलाली जाता प्रत्येक वादकाच्या हाती सुमारे चार हजार डॉलरच उरतात. अल्बिनी स्वतः ठराविक मेहनताना घेत आणि विक्रीतील हिस्सा तत्त्वतः नाकारीत. निर्वाणाच्या ‘इन यूटरो’च्या वेळीही त्यांनी तो नाकारला. १९९७ मध्ये शिकागोत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला तो मुख्यत्वे खोल्यांच्या प्रतिध्वनीचा बारकाईने विचार करून, कारण सगळे वादक एकत्र वाजवीत असता हवेत जे घडते ते पकडणे हेच मुद्रण, अशी त्यांची श्रद्धा होती. मे २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या तोडीचा दुसरा विचारवंत या कलेत मला दिसत नाही.

आता आजची स्थिती. संगणकाने ट्रॅकांची मर्यादाच नाहीशी केली, आणि बरीशी सामग्री घरबसल्या, पुष्कळदा फुकटही, उपलब्ध झाली. बिली आयलिश हिच्या २०१९ च्या तबकडीचे बरेचसे काम तिचा भाऊ फिनिअस याने लॉस एंजेलिसमधील घरच्या खोलीत केले आणि तिला ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला. या उदाहरणाने दुसऱ्या घराण्याचा विजय पूर्ण झाला असे म्हणावयास हरकत नाही, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच काळात पहिल्या घराण्याची आर्थिक बाजू उलटी झाली. पूर्वी खोली स्वस्त व यंत्र महाग होते; आज यंत्र स्वस्त आणि खोली दुर्मिळ झाली आहे. ज्या ओसाड गिरण्यांत व वखारींत मँचेस्टरचे बँड तालीम करीत, तशा इमारतींचे सदनिकांत रूपांतर झाले. मुंबई-पुण्यात बँड काढणाऱ्या मुलांना जॅमरूम तासाच्या भाड्याने घ्यावी लागते आणि तिचे पैसे चौघांत वाटले तरी महिन्याच्या तालमींचे भाडे मायक्रोफोनच्या किमतीस मागे टाकते. अशा परिस्थितीत सर्वांत आधी बाहेर पडतो तो ड्रमर. त्याचे वाद्य मोठे, त्याचा आवाज शेजाऱ्यांना असह्य, आणि त्याचे मुद्रण अनेक मायक्रोफोन व भरपूर जागा मागणारे. त्यामुळे त्याच्या ऐवजी संगणकातील तयार ठोके येतात. ठोके यंत्राचे झाले की बास वाजविणाऱ्याला ऐकावयास समोर कोणी उरत नाही, मग तोही आपल्या घरी एकट्यानेच वाजवून फाइल पाठवितो.

याचा परिणाम कानाला स्पष्ट जाणवतो. नव्या अल्पव्ययी मुद्रणांत स्वर स्वच्छ असतात, खरखर नसते, चूक नसते. परंतु कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना चौघेजण मिळून किंचित पुढे सरकतात ती गती नसते, आणि एकाने जोर धरला म्हणून दुसऱ्याने आवरते घेतले असा प्रसंग घडत नाही. प्रत्येक निर्णय उद्यावर टाकता येत असल्यामुळे पुष्कळ निर्णय कोणी घेतलेलेच नसतात, आणि गीतांत थर साठत जातात. उत्पन्नाची बाजूही निराशाजनक आहे: २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षात एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गीताला मोबदलाच मिळत नाही, म्हणजे बझकॉक्सच्या पहिल्या हजार प्रतींनी ज्या रीतीने कर्ज फेडले तो मार्ग नवोदितास खुला नाही.

नव्या पिढीत प्रतिभेचा दुष्काळ पडला आहे असे मी मानीत नाही. पुणे, गोवा व मुंबई येथील तरुण बँडांचे प्रत्यक्ष वादन आणि त्यांचीच घरगुती मुद्रणे लागोपाठ ऐकली म्हणजे तेच वादक मंचावर कितीतरी अधिक सजीव असतात हे कळते. उणीव त्यांच्यात नसून मुद्रणाच्या पद्धतीत आहे. म्हणून थोडे पैसे बाळगून बँड काढणाऱ्यांना माझे सांगणे असे की, नव्या सामग्रीवर खर्च करण्यापूर्वी तो खोलीवर करावा, सहा महिने तालीम करून मग एका दिवसाचा स्टुडिओ घ्यावा, चौघांनी एकत्र वाजवावे आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर थांबावे. समीक्षकांनीही केवळ कोणते यंत्र वापरले याची चौकशी न करता किती माणसे एका वेळी एका जागी होती हे विचारावे. सार्वजनिक संस्थांचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो: बेलफास्टमध्ये मद्याच्या एका जुन्या वखारीत ‘ओह येआ’ हे संगीत केंद्र उभे आहे आणि तेथे तालमीच्या खोल्या आहेत. आपल्या नगरपालिकांच्या शाळांची सभागृहे सायंकाळी बहुधा कुलूपबंदच असतात. ती अल्प भाड्याने, वेळेची व आवाजाची रीतसर अट घालून, तालमीसाठी देण्याचा ठराव करण्यास कोणत्याही नव्या अनुदानाची आवश्यकता नाही, आणि असा ठराव एखाद्या नगरपालिकेने केला तर पहिल्या वर्षाच्या भाड्याचा हिशेबही तिने खुशाल जाहीर करावा.