श्रद्धा कोणाची, कर्तव्य कोणाचे? : चंद्रपूर-गडचिरोलीतील समुपदेशन आणि मराठी आरोग्यलेखन – एक चिकित्सा

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील आरोग्यकार्याविषयी मराठीत गेल्या काही दशकांत मोलाचे लेखन झाले आहे. डॉ. राणी बंग यांचे 'कानोसा' आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' ही त्यांतील ठळक नावे होत. या लेखनाने मराठी वाचकाला जंगलातील माणसाच्या श्रद्धांची ओळख करून दिली. मात्र या लेखनाची आणि त्यावर झालेल्या समीक्षेची एक मर्यादा सहसा लक्षात घेतली जात नाही. श्रद्धा ही रुग्णाची असते आणि कर्तव्य हे उपचार करणाऱ्याचे असते, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली दिसते. समुपदेशकालाही धर्म असतो, व्रत असते, पापपुण्याच्या कल्पना असतात, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू झाली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला तिचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या आकड्यांचा उल्लेख नेहमी होतो. त्यामागे असलेली ऐकण्याची शिस्त मात्र 'कानोसा'मुळे कळते. पुस्तकाच्या शीर्षकातच लेखिकेची भूमिका आहे. आधी ऐकावे, मग बोलावे. शोधग्रामच्या दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यामागेही हीच वृत्ती होती. पांढरे कपडे घातलेल्या माणसांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, अशा आदिवासींच्या तक्रारी ऐकून दवाखान्याची रचना ठरली आणि देवीलाही तेथे स्थान मिळाले. रुग्णाच्या श्रद्धेला दारातच उभे न ठेवता आत घेण्याचे हे उदाहरण भारतीय आरोग्यसेवेत विरळाच म्हणावे लागेल.

परंतु ऐकणे हा समुपदेशनाचा पूर्वार्ध झाला. ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या श्रद्धेला धक्का देणारी असेल, तर पुढे काय करावे, हा उत्तरार्ध होय. आणि तो दारूच्या प्रश्नात सर्वांत स्पष्ट दिसतो.

गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाची गरज बंदीच्या काळातही होती, नंतरही आहे. या परिसरात समुपदेशकाच्या खुर्चीत बसणारी व्यक्ती दारूविषयी तटस्थ असण्याची शक्यता कमी. ती गांधीविचारात वाढलेली असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा संस्कार तिच्यावर असेल. डॉ. आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या परंपरेतील घराण्यातील असल्यास पंचशीलातील पाचवे शील तिने लहानपणापासून घेतलेले असेल. गळ्यात तुळशीची माळही असू शकेल. या सर्व परंपरांत दारू म्हणजे केवळ शरीराला अपायकारक द्रव्य नव्हे. ती अधोगतीची खूण आहे. समोर बसलेल्या गोंड किंवा माडिया माणसाच्या घरी मात्र देवापुढे आणि पूर्वजांच्या नावाने मोहाच्या दारूचे थेंब सांडले जातात. त्याने व्यसन सोडावे, हे समुपदेशकाचे व्यावसायिक उद्दिष्ट आहे. त्याने देवाचा मान सोडावा, हे उद्दिष्ट नाही. या दोहोंतील सीमारेषा आखताना समुपदेशक आपल्या शीलाचा आधार घेतो की रुग्णाच्या यकृताचा, यावर सारे अवलंबून आहे. देवाला वाहिलेल्या थेंबानंतर प्रसाद म्हणून घेतलेला घोट व्यसनी माणसाला पुन्हा गर्तेत नेऊ शकतो, हेही खरे. म्हणून प्रश्न सोपा नाही. पण 'ती तुमची अंधश्रद्धा आहे' हे उत्तर वैद्यकीय नाही, ते एका धर्माने दुसऱ्या धर्माला दिलेले उत्तर आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला, त्यामागील शहाणपण येथे ध्यानात येते. देवाचा थेंब आणि विक्रीचा गल्ला यांतील फरक गावाला ठाऊक असतो.

दुसरे क्षेत्र स्त्रीच्या शरीराचे. मासिक पाळीत स्त्रीने गावाबाहेरील कुर्माघरात राहावे, ही प्रथा गडचिरोलीच्या अनेक गावांत आहे. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. काही गावांत पक्की कुर्माघरेही बांधून देण्यात आली. त्याने निवारा सुधारला, विटाळ तसाच राहिला. येथे आरोग्याचा सल्ला देणारी आशा स्वयंसेविका बहुधा त्याच गावची सून असते. प्रथा मोडली तर गावावर संकट येईल, असे तिलाही मनातून वाटत असेल, तर तिने काय सांगावे? बाहेरून येणाऱ्या लेखकाला हा पेच दिसत नाही, कारण तो आशाताईंना 'आपल्या' बाजूच्या समजतो.

अविवाहित मुलीच्या गर्भपाताचा प्रश्न याहून कठीण आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीचा हक्क स्पष्ट केला. मुलगी अल्पवयीन असल्यास पोक्सोखालील माहिती देताना तिच्या विनंतीवरून डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. निव्वळ धार्मिक कारणावरून संततिनियमन, नसबंदी वा गर्भपातास साहाय्य नाकारू नये, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्येच केला. हा नियम डॉक्टरांपुरता आहे. मुलगी डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी ज्या समुपदेशिकेसमोर बसते, तिच्या एका सुस्काऱ्यानेही ती परत फिरू शकते. त्या सुस्काऱ्याला कोणताही नियम लागू होत नाही.

संततिनियमनाबाबत हा संघर्ष विदर्भाला नवा नाही. मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा कृत्रिम साधनांऐवजी संयमाचाच आग्रह गांधीजींनी धरला. त्याच काळात 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे मुंबईत नेमकी उलट भूमिका घेऊन सल्ला देत होते. गांधीजींची भूमिका धर्मनिष्ठेची होती आणि ती त्यांनी लपविली नाही. सेवाग्रामच्या संस्कारांत वाढलेल्या डॉ. अभय बंग यांच्या संस्थेने गडचिरोलीत स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचे काम उभे केले, यात एका परंपरेने स्वतःशी केलेला मोठा वाद दडलेला आहे. त्या वादाचा सविस्तर वृत्तांत मराठीत यायला हवा होता. तो आला असता तर नव्या कार्यकर्त्यांना त्याचा उपयोग रुग्णकथांहून अधिक झाला असता.

अमेरिकेत ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील ज्युलिया वॉर्ड या विद्यार्थिनीने धार्मिक श्रद्धेमुळे समलिंगी संबंधांतील व्यक्तीचे समुपदेशन दुसऱ्याकडे सोपविण्याची विनंती केली. २००९ मध्ये तिला अभ्यासक्रमातून काढण्यात आले आणि पुढे न्यायालयीन लढा झाला. या प्रकरणाची चर्चा 'दुसऱ्याकडे पाठविणे योग्य की अयोग्य' या प्रश्नाभोवती फिरली. आपल्याकडील अध्यापनात हेच प्रकरण जसेच्या तसे वापरणे फारसे उपयोगाचे नाही. दुसऱ्याकडे पाठविण्यासाठी दुसरा असावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. अशा वेळी तेथील दवाखान्यात जी समुपदेशिका असेल, तीच पहिली आणि तीच शेवटची. तिचा नकार हा तिच्या विवेकाचा खाजगी निर्णय राहत नाही, तो रुग्णासाठी सेवेचा अंत ठरतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एखाद्याच्या समाजातील नैतिक मूल्यांशी वा धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा मनोरुग्णतेचा निकष असू शकत नाही, असे म्हटले आहे. ही तरतूद रुग्णाला संरक्षण देते. समुपदेशकाला ती आपल्या आत डोकावायला शिकवत नाही. ते काम समाजकार्य महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकाच्या तासाचे आहे. तेथे क्षेत्रकार्याच्या नोंदवहीत विद्यार्थी रुग्णाची जात, धर्म व श्रद्धा तपशिलाने लिहितात. नोंद करणाऱ्याच्या श्रद्धेसाठी त्या वहीत रकाना नसतो.