भर्तृहरीचा चौथा वर्ग

हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात. पितरांना पिंड, देणाऱ्याला पुण्य. एकाच विधीत परार्थ आणि स्वार्थ दोन्ही उरकतात. सहलीत तिथल्या खडकांवर बसलो असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माणूस खरोखर निःस्वार्थी असतो का?" मी हॉब्ज सांगितला, टिळक सांगितले. पण सावित्री समुद्राला मिळते ती इथेच, आणि ती महाडवरून येते. माझेच उत्तर मला पोकळ वाटू लागले.

'गीतारहस्या'त (१९१५) टिळक आधिभौतिक सुखवाद्यांचा समाचार घेताना भर्तृहरीचा आधार घेतात. स्वार्थ सोडून परहित साधणारे सत्पुरुष, स्वार्थ सांभाळून परहित करणारे सामान्य, स्वार्थासाठी परहित मोडणारे राक्षस. आणि चौथे, स्वतःला काही लाभ नसताना परहित मोडणारे. यांना काय म्हणावे ते कवीला सुचले नाही. टिळकांच्या वादाला दुसरा वर्ग हवा होता. मला चौथा हवा आहे.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे कोणत्या वर्गातले? स्वार्थी म्हणावे, तर बाबासाहेबांनीच डिसेंबरच्या परिषदेत स्पष्ट केले होते की त्या पाण्याने कुणी अमर होणार नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचे आहे. ज्याचे 'स्व'च समाजाने नाकारले, त्याला स्वार्थ तरी कुठून असणार? परार्थ मात्र त्याच्याकडून सक्तीने वसूल होत आला. माझी पणजी खोताकडे वेठीला जायची, असे आजी सांगायची. नीतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात त्या वेठीला परोपकार म्हटलेले नाही. का नाही, हे एकदा विचारले पाहिजे.

आता विरोधक पाहा. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे खुले केले होते. मुसलमान, ख्रिस्ती तिथे पाणी भरतच होते. महारांनी भरल्याने सवर्णांच्या घागरीतले पाणी थेंबभरही कमी होणार नव्हते. तरी माणसे झोडपली, पंचगव्याने तळे शुद्ध केले, आणि १९३७ मध्ये हायकोर्टात हरेपर्यंत खटला लढवला. दहा वर्षे, स्वतःचे काहीच गेलेले नसताना! सुरेंद्रनाथ टिपणीस, बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखे मोजकेच सवर्ण आमच्या बाजूला उभे राहिले. भर्तृहरी त्यांना निःशंक सत्पुरुष म्हणाला असता.

खटला लढणाऱ्यांना लाभ नव्हता, हेही पुरते खरे नाही. जात पाण्यात किंवा पैशात मोबदला देत नाही, खाली कुणीतरी असल्याच्या समाधानात देते. हा लाभ हॉब्जच्या हिशेबात बसेल कदाचित. टिळकांनी तो मांडला नाही. भर्तृहरीला न सुचलेले नाव महाडला कोणीही सांगितले असते.

परतीच्या एस.टी.त त्या विद्यार्थ्याने विचारले, "मग टिपणिसांचा स्वार्थ कोणता?"

मी अजून शोधतो आहे.