उजव्या पंखावरचा लाल दिवा

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी माझ्या मावसभावाला चार जणांसमोर म्हणालो, "दादा, उजव्या पंखावर लाल दिवा? एवढं साधंही दिसलं नाही तुला?" सगळे हसले. दादाही हसला. पुढचे पाच रविवार त्याने एकही चित्र दाखवलं नाही.

माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा. अंधारात समोरचं विमान आपल्याकडे येतंय की लांब जातंय, हे वैमानिकाला त्यावरून कळतं. म्हणजे चूक खरीच होती. तरीही ती टीका वाईट होती. का, हे शोधता शोधता हा लेख झाला.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२पासून आहे. २०२०च्या आवृत्तीत मात्र उपग्रहचित्रं आणि नकाशांवरून जवळजवळ अख्खी पृथ्वी उभी केली गेली. त्यामुळे आपल्या गावावरून, आपल्या शाळेच्या छपरावरून उडता येतं. उडता उडता लोक चित्रं टिपतात, म्हणजे स्क्रीनशॉट काढतात. आम्ही पाच जण आहोत: कॉलेजचा एक मित्र, ऑफिसमधले दोघं, दादा आणि मी. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाने एक चित्र दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असं गेली तीन वर्षं चाललंय.

"यात टीका करण्यासारखं काय आहे? बटण दाबलं, चित्र आलं," असं घरचे म्हणतात. मला नेमकं उलट वाटतं. खऱ्या विमानांचे फोटो काढणारा माणूस धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभा असतो. ऊन, धुरकं, ढग, विमान कुठल्या दिशेने येणार, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. सिम्युलेटरमध्ये सगळंच हातात आहे. घड्याळ मागेपुढे करा, ढग वाढवा, विमान हवेत थांबवून ठेवा आणि कॅमेरा त्याच्याभोवती हवा तसा फिरवा. नशिबाचा भाग जवळजवळ संपतो. म्हणून चौकटीत जे आहे ते कुणीतरी ठेवलंय असं समजून बोलता येतं. टीकाकाराला ही मोठीच सोय आहे. खड्डाही तिथेच आहे, पण त्याकडे नंतर येतो.

अशा चित्रातल्या चुका तीन जणांच्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

पहिली चूक सिम्युलेटरची. २०२०ची आवृत्ती आली तेव्हा मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात एक भलामोठा सुळका उभा राहिला होता. ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीतरी एका इमारतीचे मजले २ऐवजी २१२ टाकले होते आणि सिम्युलेटरने निमूटपणे तेवढे बांधले. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा सुरुवातीला एखाद्या ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता. असं काही चित्रात आलं तर चित्रकाराला बोल लावण्यात अर्थ नाही. "तो भाग चौकटीबाहेर ठेवता आला असता का?" एवढंच विचारता येतं.

दुसरी चूक वैमानिकाची. आमच्यातल्या एकाने नेपाळमधल्या लुकलाचं चित्र दाखवलं होतं. ट्विन ऑटर धावपट्टीवरून नुकतंच उचललेलं, समोर काळाकभिन्न डोंगर, कड्यावर कोवळं ऊन. सगळे "वा" म्हणाले. पण लुकलाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आहे आणि तिला जवळपास १२ टक्के चढ आहे. विमानं डोंगराकडे तोंड करून चढावर उतरतात, कारण चढामुळे वेग मरतो. आणि उताराने दरीच्या दिशेने उडतात. म्हणजे चित्रातलं ते विमान पुढच्या काही सेकंदांत कड्यावर आदळणार होतं. ही चूक सांगायलाच हवी. ज्याला माहीत आहे त्याला त्या चित्रात सकाळचं ऊन दिसतच नाही, फक्त अपघात दिसतो. शिवाय ती दुरुस्त करणंही सोपं आहे. तोच प्रकाश, तीच जागा, फक्त विमान उतरताना दाखवा. मग डोंगर समोर असणं हीच त्या चित्राची गोष्ट होते.

तिसरी चूक कॅमेऱ्यामागच्या माणसाची. सर्वांत जास्त बोलण्यासारखं इथेच असतं आणि "छान!" म्हणून सर्वांत जास्त टाळलं जातं तेही इथेच. एक नेहमीचं उदाहरण: कॅमेरा विमानाला चिकटवून रुंद कोन ठेवला की नाक वांग्यासारखं फुगतं आणि शेपटी काडीएवढी होते. कॅमेरा मागे न्यावा आणि झूम करावं. विमानाचं प्रमाण सुधारतं आणि मागचे डोंगरही जवळ येऊन उभे राहतात. दुसरं उदाहरण माझंच. हाँगकाँगचा काइ ताक विमानतळ १९९८मध्ये बंद झाला. तिथे उतरणारी विमानं टेकडीवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या चौकटींच्या रोखाने यायची आणि अगदी खाली आल्यावर उजवीकडे जवळजवळ ४७ अंशांत वळून धावपट्टी पकडायची. ते जुनं काइ ताक वेगळं बसवून घेऊन मी त्या वळणातलं जंबो जेट टिपलं होतं. कॅमेरा विमानाच्या बाजूला, त्याच उंचीवर. मित्र म्हणाला, "यात भीती कुठाय? कॅमेरा खाली गल्लीत ने." बरोबर होतं त्याचं. काइ ताकची जादू खालून होती, दोन इमारतींच्या फटीत अचानक विमानाचं पोट दिसण्यात. पण सिम्युलेटरमधल्या इमारती जवळून मेण वितळल्यासारख्या दिसतात. त्यावर त्यानेच तोड सांगितली: वेळ संध्याकाळची कर, जवळच्या भिंती सावलीत जातील, वितळलेपण झाकलं जाईल. मला सिम्युलेटर चित्रांवरची आदर्श टीका विचाराल तर ही. काय हरवलंय ते सांगितलं, कुठे सापडेल ते सांगितलं आणि त्या वाटेवरची अडचणही धरली.

मी अशी टीका करत नव्हतो. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. दिवसभर दुसऱ्यांचा कोड तपासतो आणि ओळीगणिक शेरे लिहितो. त्याआधी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटा लाल पेन्सिलीच्या फुल्या घेऊन परत आणल्यात. चूक दिसली की मोजायची, ही सवय हाडात गेलेली. कोडमध्ये ते खपतं, कारण तो काय करण्यासाठी लिहिलाय हे वर चार ओळींत लिहिलेलं असतं. चित्रावर असं काही लिहिलेलं नसतं. तरी मी दादाच्या चित्रांवर कोडसारखेच शेरे मारायचो: क्षितिज तिरकं आहे, हिरवा रंग फार भडक आहे, विमान फार मधोमध आहे. एकदा तर कॉकपिटमधून टिपलेल्या चित्रातही क्षितिज तिरकं म्हणालो होतो. विमान वळत असताना आतून क्षितिज तिरकंच दिसणार! दादाने ते ऐकून घेतलं होतं.

आता तो लाल दिवा. चित्र रत्नागिरीच्या किनाऱ्याचं होतं. समुद्रात बुडणारा सूर्य, त्यापुढे सेसना १७२ची काळी आकृती, डावीकडून उजवीकडे जाणारी. आपल्याकडचा पंख उजवा असायला हवा आणि त्याच्या टोकावर लाल ठिपका. याचा एकच अर्थ: चित्र आरशासारखं उलटवलेलं आहे. हे पकडल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

सहाव्या आठवड्यात मीच फोन केला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर दादा म्हणाला, "मला ते दोन्ही दिवे सारखेच दिसतात रे. विसाव्या वर्षी मेडिकलला ठिपक्यांच्या पाट्या पुढे धरल्या. बाकीच्यांना आकडे दिसत होते, मला नुसते ठिपके. पायलटचं तिथेच संपलं." आमच्या घरात 'दादाला चष्मा लागला म्हणून पायलट होता आलं नाही' असंच सांगितलं जायचं. खरं कारण लाल-हिरव्याचं होतं. 'भडक हिरवा' हा माझा दर वेळचा शेरा कुठून येत होता, तेही तेव्हा कळलं. तो रंग वाढवत न्यायचा, त्याला काहीतरी वेगळं दिसू लागेपर्यंत.

मग मी गप्प बसायला हवं होतं का? नाही. चित्रात चूक होती आणि दिव्यांचे रंग माहीत असलेल्या कुणालाही ती खटकली असती. दादाला ती कळायलाच हवी होती. पण "दिवा लाल आहे आणि पंख उजवा आहे, चित्र उलटवलंयस का?" हे वाक्य चित्राबद्दल आहे. "एवढंही दिसलं नाही?" हे माणसाच्या डोळ्यांबद्दल आहे. सिम्युलेटरमध्ये सगळं निवडता येतं, म्हणून जे दिसतंय ते सगळं निवडलेलंच आहे असं मी धरून चाललो होतो. मघाशी म्हटलेला खड्डा हाच. निवडायला आधी दिसावं लागतं, आणि प्रत्येकाला काय दिसतं हे टीकाकाराला चित्रावरून कळत नाही. ते विचारावं लागतं.

म्हणून मी विचारलं, "उलटवलंस कशाला?" तो म्हणाला, "तूच म्हणाला होतास ना, विमान डावीकडे जाताना परत आल्यासारखं वाटतं, उजवीकडे जाऊ दे." असं मी म्हणालो होतो, हे मला आठवतही नव्हतं.

आता आमच्यात एक बदल झालाय. चित्र दाखवलं की पहिला प्रश्न: यात काय दाखवायचं होतं? उत्तर मिळाल्यावर मग काय ते बोलायचं. यामुळे टीका मऊ झालेली नाही. उलट "हे दाखवायचं होतं, पण दिसत नाही" हे ऐकणं जास्त झोंबतं. दादाला रंगांची नावं आम्ही सांगतो. आणि उजेड-अंधाराबद्दल आमच्यात सगळ्यांत नेमकं तोच बोलतो. माझं काइ ताकचं नवं, गल्लीतून टिपलेलं चित्र बघून तो म्हणाला, "एकदा काळं-पांढरं करून बघ." केलं. विमान गायब! त्याचं पोट आणि मागचा ढग एकाच राखाडी रंगाचे होते. इतके दिवस ते फक्त निळसर छटेवर तरून होतं. तेव्हापासून मी प्रत्येक चित्र आधी काळं-पांढरं करून बघतो.

गेल्या महिन्यात दादाने रत्नागिरीचं ते चित्र पुन्हा आणलं, या वेळी न उलटवता. विमान उजवीकडून डावीकडे चाललेलं, आपल्याकडे डावा पंख, त्यावर लाल दिवा. मी विचारलं, "यात काय दाखवायचं होतं?"

"मुंबईहून घरी येतंय ते. किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघितलं, तर दक्षिण डावीकडेच येते ना?" मग जरा थांबून म्हणाला, "परत आल्यासारखं वाटतंय का?"

वाटत होतं. हिरवा अजूनही थोडा भडक होता. तेही सांगितलं.