लेसरचे किरण आणि घरातले कान

बर्लिनच्या लाइपझिगर प्लाट्झवर २०१५ साली जर्मन हेरगिरी संग्रहालय उघडले. परवा भाच्याकडे गेलो असता ते पाहिले. येथे हात जोडून काचेआड पाहायचे नाही. कळा दाबायच्या, कोडी सोडवायची, धडपडायचे.

गुण आधी सांगतो. महायुद्धातले एनिग्मा यंत्र दिसायला टंकयंत्राचे भावंड. एक अक्षर दाबावे तर दिवा उजळतो भलत्याच अक्षराचा. तेच पुन्हा दाबावे तर, चक्र एक घर सरकलेले असल्यामुळे, उजळते बहुधा तिसरेच. फळ्यावर तासभर खडू झिजवूनही जे मुलांच्या डोक्यात शिरत नाही ते अशा यंत्रापाशी क्षणात उमगते. पुढे लेसरची काळोखी खोली. किरणांना न शिवता पलीकडे जायचे! बहिर्जी नाईकांच्या गोष्टींवर वाढलेला मीही, खोटे कशाला बोलू, मुलांच्या रांगेत उभा राहिलो.

माझी तक्रार या खोलीविषयीच आहे. या खेळात प्रेक्षक हेर होतो; ज्याच्यावर पाळत आहे तो माणूस होत नाही. आणि हे कुठे? बर्लिनमध्ये! पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिसखात्यात १९८९ साली सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते. शिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. त्या खबऱ्यांना किरण चुकवायचे नव्हते. ते कचेरीत शेजारी बसत, जेवायला येत. सरकारविरोधी चळवळीतल्या व्हेरा वोलेनबेर्गर या बाईंना फायली खुल्या होण्याच्या सुमारास कळले, की आपली बित्तंबातमी पुरवणारा 'डोनाल्ड' म्हणजे आपलाच नवरा. असा माणूस अहवाल लिहून झाल्यावर घरी चहाच्या वेळी काय बोलत असेल? कादंबरीकाराला छळणारा प्रश्न हा आहे. श्टाझीची माहिती या संग्रहालयातही आहे. परंतु लेसरमधून घामाघूम होऊन आलेले पोर ती वाचायला थांबत नाही.

त्याच शहरात, लिश्टेनबेर्ग भागात, श्टाझीचे मुख्य कार्यालयच संग्रहालय करून ठेवले आहे. मंत्री एरिख मिल्के यांची खोली, टेबल, टेलिफोन. कुठल्याही सरकारी कचेरीसारखी खोली. तिथे मला घाम फुटला. बर्लिनला मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लेसरची हौस सकाळी भागवावी, आणि दुपारी या खोलीच्या दारात त्यांना पाच मिनिटे उभे करावे.