कोविडोत्तर रक्तवाहिनी-कार्य : संशोधनातील तुलनेचा प्रश्न

कोविड-१९ मधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तवाहिन्यांविषयी विपुल संशोधन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्यातील तुलनेच्या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

२०२० साली आकरमान व सहकाऱ्यांनी कोविडने दगावलेल्या ७ रुग्णांची फुप्फुसे इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या ७ जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली. कोविड-मृतांच्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या ९ पट आढळल्या. नमुना तोकडा, पण तुलना नेमकी होती.

बऱ्या झालेल्यांवरील अनेक अभ्यासांत हीच तुलना हरवलेली दिसते. हातावर पट्टा आवळून ५ मिनिटे रक्तप्रवाह रोखावयाचा आणि तो सोडल्यावर दंडातील धमनी किती टक्के रुंदावते हे सोनोग्राफीने मोजावयाचे, ही १९९२ पासूनची परिचित चाचणी. अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड पुरेसे स्रवले तर धमनी सैलावते. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांनीही हा आकडा घटतो. आणि मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांतच कोविड अधिक तीव्र झाला होता. संसर्गापूर्वीचे मापन हाती नसताना, निरोगी व्यक्तींशी तुलना करून सारी घट विषाणूच्या माथी मारणे धाडसाचे होय. व्यायामाधारित पुनर्वसनाने आकडा सुधारला, हा दावाही तुलनागटावाचून अपुराच. शरीर आपोआपही सावरते.

हा वाद निव्वळ पद्धतिशास्त्राचा नव्हे. सिंधुदुर्गनगरीच्या शासकीय रुग्णालयात देवगड वा दोडामार्गहून येणाऱ्या मधुमेही रुग्णाची धाप ‘कोविडनंतरची’ म्हणून नोंदली गेली, तर त्याची रक्तशर्करा दुर्लक्षित राहू शकते. इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियातून उठलेल्या, वयाने व सहव्याधींनी समान रुग्णांचा गट सोबत ठेवून काही महिन्यांच्या अंतराने दोनदा मापन केल्यासच विषाणूचा वाटा वेगळा काढता येईल.