गोठवलेले प्राणिसंग्रहालय : नावाला एक आक्षेप

अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९७०च्या दशकापासून वन्य प्राण्यांच्या पेशी गोठवून जपल्या जात आहेत. या संग्रहाला ‘फ्रोझन झू’ म्हणतात आणि बातम्यांत त्याची तुलना नोहाच्या नौकेशी होते. नाव आकर्षक आहे, पण वर्गात ते जसेच्या तसे वापरू नये असे मला वाटते. नौकेत प्राण्यांच्या जोड्या होत्या. इथे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये आहेत त्या नुसत्या पेशी.

हा फरक केवढा, ते आपल्याकडेही पाहता येते. कृत्रिम रेतन करणाऱ्या गुरांच्या दवाखान्यात द्रव नायट्रोजनच्या भांड्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या असतात. ग्लिसरॉल मिसळले तर गोठवलेल्या शुक्रपेशी पुन्हा हालचाल करू लागतात, हे १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवले. दोनच वर्षांत अशा वीर्यापासून वासरू जन्मले. पण ही कांडी उपयोगी पडते, कारण गोठ्यात गाय उभी असते आणि ती माजावर आली की घरच्यांना कळते. गाय वजा केली तर कांडीचे काय करणार?

बीजांडाचे काम आणखी अवघड. शुक्रपेशीत पाणी थोडे. बीजांड तिच्या मानाने प्रचंड आणि पाण्याने भरलेले. आत बर्फाचे स्फटिक झाले की संपलेच. कोंबडीचे अंडे तर त्यातल्या बलकामुळे गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही. (वितळवल्यावर किती पेशी मेल्या, हा आकडा बातमीत सहसा नसतो!)

आता उत्तरेकडचा पांढरा गेंडा घ्या. शेवटचा नर, सुदान, मार्च २०१८ मध्ये केनियात मेला. उरल्या नाजिन आणि फातू या मायलेकी. दोघींनाही गर्भ वाढवणे शक्य नाही. म्हणून २०१९पासून फातूची बीजांडे काढून, आधीच मेलेल्या नरांच्या गोठवलेल्या वीर्याने प्रयोगशाळेत भ्रूण तयार केले जात आहेत. ते वाढवायचे दक्षिणेकडच्या गेंड्याच्या मादीत, म्हणजे जिवंत आई हवीच, तीही उसनी. हे काम मी कमी लेखत नाही. पण गेंडे मारले गेले ते शिंगांसाठी, आणि त्यावर नायट्रोजनचा इलाज नाही.

काळ्या पायांच्या फेरेटची हकीकत मात्र शिकवण्याजोगी आहे. १९८७पर्यंत वायोमिंगमधले उरलेले १८ प्राणी पकडून आणले गेले. पुढची सारी प्रजा त्यांतल्या केवळ सात जणांची. त्यामुळे आनुवंशिक विविधता फार कमी. अशा वेळी १९८८ साली गोठवलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशींतून डिसेंबर २०२०मध्ये एलिझाबेथ अॅन ही क्लोन जन्मली. विलाचा वंश चालू प्रजेत नव्हताच, म्हणून या पेशींचे मोल. फेरेटचे भक्ष्य असलेले प्रेअरी डॉग पूर्वी विष घालून मारले गेले होते. पैदास करून रानात सोडलेल्या फेरेटना आजही राहायला त्यांचीच बिळे लागतात.